पॉलिटनेलमधील भाजीपाला : पीकबदलाचे वेळापत्रक

जबलपूर शहराच्या पूर्वेकडील रांझी हा भाग लष्करी वाहनांचा कारखाना, ग्रे आयर्न फाउंड्री आणि शेजारचा खमरियाचा आयुध कारखाना यांमुळे ओळखला जातो. कारखान्यांच्या वसाहती संपतात तेथून शेतांना आणि परियट व गौर या नद्यांच्या काठांना सुरुवात होते. अशा शहरालगतच्या भागात जमीन थोडी असते, पण बाजारपेठ हाकेच्या अंतरावर असते. थोड्या जागेत वर्षभर भाजीपाला घेण्यासाठी पॉलिटनेल, म्हणजे अर्धगोलाकार सांगाड्यावर ताणलेल्या प्लॅस्टिकच्या कापडाखालील शेती, हा उपाय अशाच ठिकाणांना अधिक लागू पडतो.

मात्र पॉलिटनेल उभारल्याने उत्पन्न आपोआप वाढत नाही. प्लॅस्टिकचे कापड शेतकऱ्याला हंगामाच्या दोन्ही टोकांना काही आठवडे मिळवून देते. ते आठवडे पदरात पडतात की वाया जातात, हे जुने पीक कोणत्या दिवशी उपटले आणि नवे कोणत्या दिवशी लावले यावर अवलंबून असते. रांझीचे हवामान उदाहरणादाखल घेऊन हे गणित येथे मांडले आहे. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. दोन्हीकडील काळी जमीन आणि ऋतुमान यांत पुष्कळ साम्य असल्याने विदर्भातील शेतकऱ्यांनाही हे गणित थोड्या फरकाने लागू पडेल.

पॉलिटनेल म्हणजे काय?

प्लॅस्टिकच्या आच्छादनाखालील शेतीचा आरंभ अमेरिकेत झाला. केंटकी विद्यापीठातील एमरी एमर्ट यांनी १९४८ मध्ये महागड्या काचेऐवजी पारदर्शक कागद वापरून हरितगृह उभारले. पुढे पॉलिथिनचा वापर सुरू झाला आणि ही पद्धत जगभर पसरली. स्पेनमधील अल्मेरिया परिसरात आज सुमारे ३० हजार हेक्टर क्षेत्र अशा आच्छादनाखाली आहे.

भारतात या रचनेचे प्रामुख्याने तीन प्रकार दिसतात. पहिला बुटका बोगदा. वाफ्यावर तारेच्या कमानी रोवून त्यांवर पातळ प्लॅस्टिक पसरले जाते. त्याची उंची गुडघ्याएवढी असते आणि थंडी सरताच तो काढून घेतला जातो. दुसरा प्रकार माणूस आत उभा राहून काम करू शकेल अशा बोगद्याचा. त्याची उंची साधारण २ ते अडीच मीटर, रुंदी ४ ते साडेचार मीटर आणि लांबी २५ ते ३० मीटर असते. तिसरा प्रकार म्हणजे मोठे पॉलिहाउस. उंच छप्पर, हवा खेळती राहण्यासाठी वरचे झरोके आणि बाजूचे पडदे यांमुळे त्याचा खर्च बराच अधिक होतो. प्रस्तुत लेखात दुसरा प्रकार विचारात घेतला आहे.

या बोगद्यासाठी साधारणपणे २०० मायक्रॉन जाडीचे, अतिनील किरणांना टिकणारे कापड वापरतात. ते तीन ते पाच वर्षे चालते. बाजूंना गुंडाळता येणारे पडदे व त्यांच्या आत कीटकरोधक जाळी, जमिनीत ठिबक सिंचन आणि गादीवाफे ही त्याची सर्वसाधारण मांडणी असते.

रांझीचे ऋतुमान

जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४१० मीटर उंचीवर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो आणि दिवस साडेतेरा तासांचा होतो. डिसेंबरच्या अखेरीस दिवस पावणेअकरा तासांपर्यंत आखडतो. पाण्याची सोय असली तरी या दिवसांत रोपांची वाढ मंदावण्याचे हे एक कारण आहे.

पॉलिटनेलच्या दृष्टीने येथील वर्षाला चार वळणे आहेत. पहिले वळण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, मोसमी पाऊस स्थिरावतो तेव्हा येते. मराठी शेतकऱ्याच्या हिशेबाने मृग सरून आर्द्रा लागण्याचा हा काळ होय. दुसरे वळण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातील, हस्त आणि चित्रा नक्षत्रांच्या सांध्यावरचे. पाऊस माघारी फिरतो, आकाश निवळते आणि रात्री गार होऊ लागतात. तिसरे वळण डिसेंबरच्या मध्यास येते. तेव्हापासून जानेवारीअखेरपर्यंत रात्रीचे तापमान अनेकदा १० अंशांच्या खाली जाते आणि काही वर्षी दव गोठून उघड्यावरील पिके करपतात. चौथे वळण मार्चच्या उत्तरार्धातील. उन्हाचा चटका वाढतो आणि मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो.

या तारखा दरवर्षी थोड्या मागेपुढे होतात. भारतीय हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या. त्यानुसार वायव्य राजस्थानातून पाऊस परतण्याची तारीख १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबर झाली. त्यामुळे वडिलोपार्जित तारखा जशाच्या तशा धरण्यापेक्षा गेल्या काही वर्षांची नोंद पाहणे हिताचे ठरते.

जुनी शिकवण : हवेली पद्धत

पीकबदलाची तारीख साधण्याची कला या भागाला नवी नाही. जबलपूर, नरसिंहपूर आणि दमोह या परिसरात काळ्या जमिनीवर हवेली नावाची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. शेताभोवती उंच बांध घालून पावसाळाभर पाणी साठवायचे, खरिपाचे पीक घ्यायचे नाही, आणि पाऊस ओसरल्यावर साचलेले पाणी सोडून देऊन वाफशावर गहू किंवा हरभरा पेरायचा, अशी ही पद्धत होती. साठलेल्या पाण्यामुळे तण कुजून जाई आणि जमिनीत रब्बीपुरती ओल राही.

या पद्धतीचे सारे मर्म पाणी सोडण्याच्या दिवसात होते. पाणी लवकर सोडले तर उष्ण हवेत ओल उडून जाई. उशिरा सोडले तर वाफसा येईपर्यंत पेरणीची वेळ टळे. सोयाबीनचा प्रसार झाल्यानंतर हवेली पद्धतीचे क्षेत्र घटले. तिची शिकवण मात्र पॉलिटनेललाही लागू आहे. एका हंगामाचा शेवट ही दुसऱ्या हंगामाची पहिली मशागत असते.

काय पिकवावे आणि काय पिकवू नये

पॉलिटनेलमधील पीक ठरवताना पहिला प्रश्न असा विचारावा लागतो, की त्या महिन्यात तीच भाजी उघड्या शेतात पिकते का? जबलपूर जिल्हा हिरव्या वाटाण्यासाठी प्रसिद्ध आहे आणि ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत याच पिकाची निवड झाली आहे. हिवाळ्यात येथील बाजार वाटाण्याने भरून जातो. फूलकोबी, कोबी, मुळा, पालक आणि मेथी हीसुद्धा याच काळात उघड्यावर मुबलक येतात. अशा वेळी प्लॅस्टिकखाली वाटाणा किंवा कोबी घेणे म्हणजे महागड्या छपराखाली सर्वांत स्वस्त माल पिकवणे होय.

पॉलिटनेलचा खरा लाभ दोन काळांत मिळतो. जुलै ते सप्टेंबर या काळात उघड्यावरील कोथिंबीर आणि पालेभाज्या पावसाने झोडपल्या जातात व त्यांचे भाव चढतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात काकडी, दुधी भोपळा, दोडका, कारले यांसारख्या वेलभाज्यांची उघड्यावरील आवक अजून पुरेशी सुरू झालेली नसते. हिवाळ्यात बोगद्यात ठेवायचेच असेल, तर ढोबळी मिरचीसारखे थंडीला नाजूक आणि दीर्घकाळ तोडे देणारे पीक निवडणे श्रेयस्कर ठरते.

परागीभवनाचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. कीटकरोधक जाळीमुळे मधमाश्या आत येत नाहीत. म्हणून बोगद्यात परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या काकडीच्या जाती लावल्या जातात. कारले किंवा दुधी भोपळा लावल्यास सकाळी जाळी उघडावी लागते किंवा हाताने परागीभवन करावे लागते. टोमॅटोच्या बाबतीत फुलांचे घोस हलवणे पुरेसे होते.

वर्षाचे दोन आराखडे

पहिला आराखडा दोन पिकांचा आहे. काकडीचे बी जूनच्या मध्यास ट्रेमध्ये पेरावे आणि जुलैच्या आरंभी रोपे लावावीत. साधारण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तोडे सुरू होतात आणि सप्टेंबरअखेर पीक काढून टाकले जाते. ढोबळी मिरचीचे रोप ३५ ते ४० दिवसांत तयार होते. १० ऑक्टोबरला लागवड करायची असल्यास बी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत पेरले गेले पाहिजे. म्हणजे काकडीचे तोडे चालू असतानाच मिरचीची रोपवाटिका सुरू झालेली असते. हिरव्या मिरचीचे तोडे डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतात. मे महिना जमिनीच्या विश्रांतीसाठी राखून ठेवावा.

दुसरा आराखडा तीन पिकांचा आहे. पावसाळ्यात वरचे कापड ठेवून आणि बाजूचे पडदे पूर्ण उघडून कोथिंबीर व पालक यांच्या दोन फेऱ्या घ्याव्यात. प्रत्येक फेरीला ४० ते ४५ दिवस लागतात. ऑक्टोबरमध्ये झुडपी फरसबीसारखे दोन-अडीच महिन्यांचे पीक लावून ते जानेवारीत मोकळे करावे. काकडीचे बी जानेवारीच्या मध्यास ट्रेमध्ये पेरावे. थंडीत रोपे सावकाश वाढतात, म्हणून चार आठवडे धरावेत आणि फेब्रुवारीच्या मध्यास लागवड करावी. मार्चच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माल निघतो.

दोन्ही आराखड्यांतील सर्वाधिक भावाचे महिने एकाच बोगद्यात पूर्णपणे साधत नाहीत. एप्रिलपर्यंत ढोबळी मिरची ठेवली तर फेब्रुवारीत काकडीला जागा उरत नाही. त्यामुळे बोगदा मधोमध विभागून दोन्ही आराखडे अर्ध्या-अर्ध्या भागात राबवणे हा मध्यम मार्ग होय. त्याने एकाच पिकाच्या भावावर सारे वर्ष अवलंबून राहत नाही.

उलटे मोजण्याची रीत

पीकबदलाचे नियोजन पेरणीपासून पुढे मोजून केले की चुकते. ते पुढील पिकाच्या लागवडीच्या दिवसापासून मागे मोजून करावे लागते. लागवडीचा दिवस ठरला की त्याच्या आधी आठ ते दहा दिवस स्वच्छता आणि वाफे तयार करण्यासाठी, त्याआधी जुने पीक उपटण्याचा दिवस, आणि लागवडीच्या चार ते सहा आठवडे आधी रोपवाटिकेचा दिवस, असा क्रम लागतो.

टोमॅटोसारख्या सतत वाढणाऱ्या पिकात आणखी एक तारीख मोजावी लागते. फूल उमलल्यापासून फळ पिकेपर्यंत साधारण ४५ ते ५५ दिवस जातात. पीक ३० एप्रिलला काढायचे असेल, तर १० मार्चनंतर उमललेली बहुतेक फुले शेतकऱ्याच्या उपयोगाची नसतात. त्या सुमारास शेंडे खुडले की झाडाची शक्ती आधीच धरलेल्या फळांकडे जाते.

वर्षात तीन वेळा पीक बदलते असे धरू. प्रत्येक वेळी जमीन १० दिवस रिकामी राहिली तर वर्षाचे ३० दिवस जातात. रोपे वेळेवर तयार नसल्याने तीच जमीन ३० दिवस रिकामी राहिली तर ९० दिवस जातात. फरक ६० दिवसांचा, म्हणजे वर्षाच्या जवळजवळ सहाव्या भागाचा पडतो. कापडाचे आयुष्य आणि कर्जाचा हप्ता मात्र रिकाम्या दिवसांतही चालूच राहतात.

उभे पीक उपटण्याचा निर्णय

सर्वांत अवघड निर्णय असतो तो फळे देत असलेले पीक काढण्याचा. एप्रिलच्या अखेरीस ढोबळी मिरचीच्या झाडावर अजून फळे दिसतात. परंतु आतील तापमान ३५ अंशांच्या पुढे जाऊ लागले की फुलगळ होते, फळ लहान राहते आणि उन्हाने फळांवर पांढरट डाग पडतात. याच काळात फुलकिडे, पांढरी माशी आणि कोळी यांचा उपद्रव वाढतो. दर तोड्याला वजन आणि मिळालेला भाव यांची नोंद ठेवली असेल, तर निर्णय भावनेवर सोडावा लागत नाही. लागोपाठ दोन आठवड्यांचे उत्पन्न मजुरी, पाणी आणि फवारणी यांच्या खर्चाला पुरेनासे झाले की पीक संपले असे समजावे.

जुने पीक मोहापायी महिनाभर अधिक ठेवल्यास दुहेरी नुकसान होते. त्यावरील किडी रोपवाटिकेतील कोवळ्या रोपांवर जातात, आणि मे महिन्यातील कडक ऊन जमीन शुद्ध करण्यासाठी वापरण्याची संधी हुकते.

बदलाच्या दहा दिवसांतील कामे

पीक काढण्यापूर्वी दोन-तीन दिवस पाणी बंद करावे. उन्हाळ्यात पडदे पूर्ण बंद ठेवून बोगदा दोन दिवस तापू दिल्यास पांढरी माशी मोठ्या प्रमाणात मरते. त्यानंतर झाडे मुळांसह उपटावीत आणि मुळे तपासावीत. मुळांवर गाठी दिसल्यास सूत्रकृमींचा प्रादुर्भाव आहे असे समजावे. आच्छादनाखालील शेतीत हा शत्रू विशेष बळावतो, कारण तेथे तीच ती पिके उबदार, ओलसर मातीत पुनःपुन्हा घेतली जातात. उपटलेली झाडे गोण्यांत भरून बोगद्यापासून दूर न्यावीत. ती दाराशीच रचून ठेवणे ही नेहमी दिसणारी चूक आहे.

मे महिन्यात मातीला सूर्याच्या उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत उपयुक्त ठरते. इस्राएलमधील शास्त्रज्ञ याकोव्ह कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ती प्रथम मांडली. वाफ्यांना भरपूर पाणी देऊन त्यांवर पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरायचे आणि कडा मातीने बुजवून चार ते सहा आठवडे तसेच ठेवायचे. वरच्या थरातील मातीचे तापमान ५० अंशांच्या आसपास जाते. त्यामुळे अनेक तणांचे बी, बुरशी आणि सूत्रकृमी घटतात. जबलपूरमध्येच भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे तण संशोधन संचालनालय असल्याने या भागातील शेतकऱ्यांना तणांविषयी सल्ला जवळच मिळू शकतो.

बेवड पाळणे हाही बदलाचाच भाग आहे. टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगी आणि मिरची ही एकाच कुळातील पिके होत. त्यांच्यामागे त्यांपैकीच दुसरे पीक घेतल्यास फेरपालट झाली असे म्हणता येत नाही. वेलवर्गीय, शेंगवर्गीय किंवा पालेभाजी मध्ये आणावी. सूत्रकृमींचा त्रास असल्यास झेंडूचे एक पीक घेणे उपयोगी ठरते.

परियट आणि गौर या नद्यांच्या काठी अनेक दुग्धशाळा असल्याने शेणाची उपलब्धता चांगली आहे. ताजे शेण मात्र बोगद्यात घालू नये. काही महिने चांगले कुजलेले शेणखतच वापरावे. आच्छादनाखाली पावसाचे पाणी पडत नसल्याने खतांचे क्षार मातीत साठून पांढरा थर दिसू लागतो. अशा वेळी पीकबदलाच्या काळात भरपूर पाणी देऊन क्षार खाली झिरपू द्यावेत. कापड बदलण्याचे वर्ष असेल, तर जुने कापड जूनमध्ये काढून पहिल्या पावसाने माती धुऊन घ्यावी आणि मगच नवे कापड चढवावे.

थंडी, वादळ आणि गारपीट

कापडाखाली पीक थंडीपासून पूर्ण सुरक्षित असते, हा समज खरा नाही. बंद बोगदा दिवसा बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ तापतो. पण एकपदरी कापड रात्रीची उष्णता फारशी धरून ठेवत नाही. निरभ्र, निवांत रात्री आत आणि बाहेर दोन-तीन अंशांचाच फरक उरतो, कधी तोही उरत नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीत दुपारी चारच्या सुमारास पडदे खाली करून दिवसाची ऊब कोंडावी आणि नाजूक रोपांवर आतच बुटक्या बोगद्याचे दुसरे आवरण घालावे. सकाळी ऊन वर येताच पडदे उघडले नाहीत, तर कापडावर साचलेले थेंब पानांवर गळतात आणि बुरशीजन्य रोगांना आमंत्रण मिळते.

फेब्रुवारी ते मे या काळात वादळी वारे आणि गारपीट यांचा धोका असतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात झालेल्या गारपिटीने रब्बी पिके आणि फळबागा यांची मोठी हानी झाली होती. कापडाच्या कडा चरात खोल पुरणे, दोऱ्यांचा ताण तपासणे आणि वाऱ्याच्या बाजूचा पडदा वेळेवर बंद करणे ही कामे याच महिन्यांत नियमाने करावीत.

साहाय्य आणि सल्ला

केंद्र सरकारने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू केले. २०१४-१५ पासून ते एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात समाविष्ट झाले. या अभियानात पॉलिहाउस, शेडनेट आणि प्लॅस्टिक बोगदे यांसाठी ठरावीक मर्यादेत खर्चाच्या ५० टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. क्षेत्राची व खर्चाची मर्यादा वेळोवेळी बदलत असल्याने उभारणीपूर्वी जिल्हा उद्यान कार्यालयात चालू निकष पाहून घ्यावेत.

जबलपूर येथील जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले. विश्वविद्यालयाच्या कृषी विज्ञान केंद्रातून स्थानिक जाती व रोगनियंत्रण यांविषयी मार्गदर्शन मिळते. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना तळेगाव दाभाडे येथे हरितगृह तंत्राचे प्रशिक्षण घेता येते. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही उत्तरे दिली जातात.

याखेरीज एक साधन प्रत्येकाच्या घरीच असते, ते म्हणजे नोंदवही. पेरणी, लागवड, पहिला तोडा, शेवटचा तोडा, त्या दिवसाचा भाव आणि रात्रीचे किमान तापमान एवढ्या सहा नोंदी तीन वर्षे नेमाने ठेवल्या, तर रांझीतील असो वा नागपूरमधील असो, प्रत्येक बोगद्याचे स्वतःचे वेळापत्रक तयार होते. दुसऱ्याच्या तारखा वाट दाखवण्यापुरत्या उपयोगी पडतात. जुने पीक उपटण्याचा दिवस मात्र ज्याचा त्यानेच आपल्या वहीतून ठरवायचा असतो.